संपलेले सेल ओल्या कचऱ्यात टाकू नका!

संभाजीनगरकरांनो, रिमोटचे, भिंतीवरच्या घड्याळाचे, मुलांच्या खेळण्यांतले संपलेले सेल उद्या सकाळी घंटागाडीत टाकणार असाल, तर जरा थांबा. निदान ओल्या कचऱ्यात तरी ते जाऊ देऊ नका.

फेब्रुवारी २०१८ आठवतो ना? नारेगावच्या कचरा डेपोने पाणी आणि हवा नासवली म्हणून त्या परिसरातल्या गावकऱ्यांनी आपल्या शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. शहरभर ढीग साचले, मार्चमध्ये कचरा मिटमिट्यात नेला तेव्हा तिथे दगडफेक झाली. पुढे चिकलठाणा, पडेगाव, कांचनवाडी इथे प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. ओल्या कचऱ्याचे आता खत होते. भाजीच्या देठांत मिसळलेला सेल तिथे फुटला, तर त्यातले जस्त आणि मँगनीज, जुन्या कॉर्डलेस फोनच्या बॅटरीतले कॅडमियम त्या खतात उतरते आणि खताबरोबर कुणाच्या तरी शेतात. म्हणजे आपली घाण पुन्हा दुसऱ्याच्या गावात!

मोबाइल आणि पॉवर बँकेच्या बॅटऱ्या सुक्या कचऱ्यातही नकोत. गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात. फुगलेली बॅटरी टोचू नका, चार्जिंगला लावू नका. कोरड्या वाळूत ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला द्या.

सेलवर बारीक चित्र असते, चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेले. ते उगाच नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी वेगळी ठेवणे हे आपले काम आणि ती गोळा करवणे उत्पादकाचे. कंपन्या आपले काम कितपत करतात, हा प्रश्न आहेच. पण आपणच सगळे एका पिशवीत कोंबले, तर त्यांना जाब कोणत्या तोंडाने विचारणार?

घरात प्लास्टिकची एक कोरडी बरणी ठेवा, लोखंडी डबा नको. बटण सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि बरणी मुलांच्या हाती लागू देऊ नका. बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. अशा वेळी उलटी काढत बसू नका, थेट घाटी रुग्णालय गाठा.

इन्व्हर्टरची बॅटरी दारावरच्या भंगारवाल्याला देऊ नका. त्यातले आम्ल नालीत ओतले जाते. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे वजा करतो, तिथेच द्या.

बरणी भरली की घंटागाडीवर वेगळी, सांगून द्या. घेतली नाही, तर वॉर्ड कार्यालयात जाऊन संकलन केंद्र कुठे आहे ते विचारा; घरगुती घातक कचऱ्याची वेगळी सोय करणे २०१६ पासून महापालिकेवर बंधनकारक आहे. पैठणगेटचे मोबाइलवाले, गुलमंडीचे इलेक्ट्रिकवाले, सिडको-हडकोतल्या सोसायट्या, तुम्ही दाराशी एक खोका ठेवलात तर निम्मे काम झाले. ठेवा, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘जुने सेल इथे टाका.’