फोन न लागण्याचे गणित



महाशिवरात्रीला परळीच्या गर्दीतून घाटनांदूरला फोन लावा बरं! मोबाइलवर टॉवरच्या दांड्या सगळ्या दिसतील, पण फोन लागेलच असे नाही. असे का होते?

टॉवर एका वेळी ठरावीक फोनच पेलतो. सोयीसाठी आपण त्याला ‘लाइनी’ म्हणू. समजा, गावातल्या एका टॉवरवर तासाला 60 फोन येतात आणि प्रत्येक फोन सरासरी 3 मिनिटे चालतो. झाली 180 मिनिटे, म्हणजे 3 तास. मग 3 लाइनी पुरतील ना?

इथेच फसगत होते! फोन काही शाळेतल्या मुलांसारखे रांगेत येत नाहीत. कधी पाच मिनिटे सामसूम, तर कधी एकाच मिनिटात चौघांना घाई. हिशेब केला, तर 3 लाइनींवर शंभरातले सुमारे 35 फोन परत फिरतात. 8 लाइनी दिल्या, तर शंभरात एकापेक्षाही कमी.

आणखी एक गंमत. फोन दहापट झाले, तर लाइनी 80 लागतील? छे! 42 पुरतात. खूप माणसे असली की एकाचा रिकामा वेळ दुसऱ्याच्या कामी येतो.

हे सूत्र डेन्मार्कच्या आग्नेर एर्लांग यांनी 1917 मध्ये मांडले. आधी ते शाळेत शिकवत. पुढे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत गेले. कोण केव्हा फोन करील, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण हजारोंची मिळून एक रीत असते, ती त्यांनी ओळखली.

मात्र सूत्राची एक अट आहे : प्रत्येकाने आपापल्या मर्जीने फोन करायचा, एकमेकांचे पाहून नव्हे. जत्रेत ती मोडते. भूकंपात तर पारच मोडते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडे मोबाइल नव्हते. आज तसे घडले, तर सगळे एकाच क्षणी फोन उचलतील आणि ढिगाऱ्याखालच्या माणसाचा 112 ला केलेला फोन अडकेल. म्हणून संकटात लांबलचक बोलू नका. ‘आम्ही सुखरूप’ एवढा संदेश पाठवा. त्याला जागा फारच थोडी लागते.

आता तुमचे काम. रविवारी घरी आलेल्या प्रत्येक फोनची वेळ वहीत टिपा. त्या वेळा सारख्या अंतराने येतात, की घोळक्याने? बघा आणि ठरवा!