सपाट पाय आणि धावण्याचे बूट

शाळेच्या क्रीडास्पर्धा जवळ आल्या की वर्गातली एक-दोन मुले तरी "माझे पाय सपाट आहेत, मला पळायला मनाई आहे" असे सांगून मैदानाच्या कडेला बसतात. मनाई कोणी केली असे विचारावे, तर कधी शेजारच्या काकांनी, कधी चक्क बुटांच्या दुकानदाराने! उलट काही पालक पदरमोड करून 'सपाट पायांसाठी खास' असे महागडे बूट आणतात. माझ्या मते या दोन्ही गोष्टींना पुरेसा आधार नाही.

प्रथम आपला पाय कसा आहे ते पाहा. तळवा पाण्यात बुडवून कोरड्या फरशीवर उभे राहा. ठशाची आतली बाजू रिकामी राहिली तर पायाला कमान आहे. संपूर्ण तळवा उमटला तर पाय सपाट. आता चवड्यांवर उभे राहा आणि मागून कोणाला तरी पाहायला सांगा. चवड्यांवर उभे राहताच कमान दिसू लागली, तर पाय लवचिक आहे. असा पाय दुखत नसेल तर त्याला सहसा कोणताही उपचार लागत नाही. लहान मुलांचे पाय तर सपाटच असतात. कमान वयाच्या पहिल्या दहा वर्षांत हळूहळू तयार होते.

आता थोडे गणित करू. तुमचे वजन ४० किलो असेल, तर उभे असताना जमिनीवर सुमारे ४०० न्यूटन बल पडते. धावताना हे बल वजनाच्या दोन ते तीन पट होते. आपण १००० न्यूटन धरू. तळव्याचा १०० चौरस सेंटिमीटर भाग टेकला, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला १० न्यूटन. पण उंच कमानीच्या पायाची फक्त टाच आणि चवडाच टेकतो. टेकलेला भाग ५० चौरस सेंटिमीटर धरला, तर दाब २० न्यूटन, म्हणजे दुप्पट! दाबाच्या हिशेबात तोट्यात आहे तो उंच कमानीचा पाय. सपाट पायाला नावे ठेवणाऱ्यांनी हे गणित एकदा अवश्य करावे.

बुटाचा मऊ तळ काय करतो? क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो. चेंडू थांबायला जास्त वेळ मिळतो, म्हणून हाताला कमी लागते. तळातला फोम पायासाठी हेच काम करतो. पण मऊपणालाही मर्यादा आहे. जाड गादीवर एका पायावर उभे राहून पाहा, तोल सांभाळताना घोटा कसा लटपटतो ते कळेल.

मग पायाच्या आकारावरून बूट निवडावा का? अमेरिकेच्या भूदल, वायुदल आणि मरीन दलातील नव्या जवानांवर केलेल्या तीन चाचण्यांचे निष्कर्ष २००९-१० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला तळव्याचा आकार पाहून बूट दिले, दुसऱ्या गटातील सर्वांना एकाच प्रकारचे. दुखापतींत म्हणावा असा फरक पडला नाही. मात्र लक्झेम्बर्गमधील २०१६ च्या एका अभ्यासात, पाऊल आतल्या बाजूला कलणाऱ्या धावपटूंना आधार देणाऱ्या बुटांचा फायदा झालेला दिसला. तेव्हा असे बूट निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. केवळ ओला ठसा पाहून ते गळ्यात मारू नयेत, एवढेच माझे म्हणणे.

आपल्याकडचा एक अभ्यासही लक्षात घेण्याजोगा आहे. डॉ. राव आणि डॉ. जोसेफ यांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के आढळले, अनवाणी हिंडणाऱ्यांत केवळ २.८ टक्के! म्हणजे बुटानेच कमान घडते ही समजूतही तपासून पाहायला हवी.

कॅनडातील बेन्नो निग या शास्त्रज्ञांनी साधी कसोटी सुचवली आहे : पायाला जो सुखकर वाटतो तो बूट घ्यावा. मला ती पटते. खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. नेहमीचे मोजे घालून दोन्ही पायांत बूट चढवावेत आणि मोठ्या पायाचे माप धरावे. पुढे अंगठाभर जागा हवी, टाच मात्र निसटता कामा नये. दुकानातच थोडे पळून पाहावे, दुकानदार कुरकुरला तरी. "वापरून सैल होईल" या त्याच्या आश्वासनावर मुळीच जाऊ नये. काही टोचत असेल तर जोडी बदलून मागावी.

ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, त्यांना मात्र ही कसोटी चालत नाही. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, त्यांच्या पायांवरील जखमांचे मोठे कारण वेदना न कळणे हे आहे. त्याच जागी पुनःपुन्हा दाब पडत राहतो आणि रुग्णाला पत्ताच लागत नाही. म्हणून त्यांना मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला देतात. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांचीही हीच स्थिती. घरात आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर त्यांचे बूट डॉक्टरांना विचारून घ्यावेत आणि तळवे रोज पाहावेत. तुमचा स्वतःचा पाय ताठ असेल, चवड्यांवर उभे राहूनही कमान दिसत नसेल किंवा पळताना दुखत असेल, तर अस्थितज्ज्ञांना दाखवा. दुखत नसेल तर शर्यतीत नाव द्या.