ताण

मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास जाणत्या माळ्याच्या बागेत जो प्रकार दृष्टीस पडतो, तो नवख्या मनुष्यास निर्दयपणाचा वाटल्यावाचून राहत नाही. वर्षभर जपलेल्या मोगऱ्याचे पाणी माळी तोडतो. पाने पिवळी पडून गळू लागतात, तरी त्याचे मन द्रवत नाही. उलट कात्री घेऊन तो फांद्याही छाटून टाकतो. संत्र्याच्या बागाइतदारांत ह्यास ‘ताण देणे’ म्हणतात. आंबे बहार धरावयाचा असल्यास हा ताण हिवाळ्यात देतात, मृग बहारासाठी उन्हाळ्यात.

ह्यातील मर्म पाहण्यासारखे आहे. पाणी व खत सतत मिळत राहिले, की झाड पालवीच काढीत सुटते. त्याचा सारा जोर अंग वाढविण्यात खर्ची पडतो. पाणी तुटताच ही वाढ थांबते आणि अन्नरस फांद्यांत साठू लागतो. पुढे पाणी मिळाले, म्हणजे तोच साठा फुलांच्या रूपाने प्रकट होतो. मोगऱ्याची कळी तर नव्या फुटीवरच येते. जुन्या फांद्यांचा लोभ न सुटणाऱ्याच्या देवपूजेस चैत्रात ओंजळभर फुले मिळणे कठीणच!

इ. स. १२९५ मध्ये समाधिस्थ झालेल्या अरणच्या सावता महाराजांनी आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. तेव्हा मळ्याकडून परमार्थाचा पाठ घेण्यात आम्हांस कमीपणा वाटण्याचे कारण नाही. एकादशी, मौन, चातुर्मासातील एखादा सोडलेला पदार्थ ह्यांस आजचे सुशिक्षित देहदंड म्हणून हसतात. आमच्या मते तो ताणच होय. आज पुष्कळ घरांत मुलाने मागण्यापूर्वीच वस्तू हजर असते, आणि वडील माणसांच्या मनासही क्षणाची उसंत नसते. इच्छेस असे अखंड पाणी मिळाले, म्हणजे मन पालवते खरे. पण बहरत नाही.

परंतु येथेच एक इशारा देणे अवश्य आहे. ताण हे धारदार शस्त्र आहे. कोवळ्या रोपास ताण दिल्यास ते मरते. म्हणून बाग ५-६ वर्षांची झाल्यावाचून शहाणा बागाइतदार बहार धरीत नाही. हलक्या जमिनीस थोडका ताण पुरतो, काळ्या भारी जमिनीस अधिक लागतो. रोगट झाडास तो मुळीच देत नाहीत. आमच्या शास्त्रकारांनीही बाल, वृद्ध व रोगी ह्यांस उपवासातून मोकळे ठेवले, ते उगीच नव्हे. शिवाय ताण चालू असता माळी बागेत फिरून पानांची कळा रोज न्याहाळतो, आणि मुदत संपताच प्रथम हलके व मागाहून भरपूर पाणी देतो.

हे ध्यानात न घेता काही कुटुंबांत शिस्तीच्या नावाखाली सुनेस किंवा मुलांस वर्षानुवर्षे एका गोड शब्दासाठी तहानलेले ठेवतात. तो ताण नव्हे, दुष्काळ होय! संयमाचा खरा अधिकार मनुष्यास प्रथम स्वतःवरच आहे. ज्याने स्वतःची जीभ, स्वतःचा राग व स्वतःची हौस कधी आवरली नाही, त्याने दुसऱ्याचे पाणी तोडू नये.

काही ताण दैवच देते. आप्तवियोग, दीर्घ आजार, हातातोंडाशी आलेले यश हुकणे, हे आपण मागून घेत नाही. अशा प्रत्येक दुःखातून बहार येतोच, असे सांगून दुःखिताचे खोटे सांत्वन आम्ही करणार नाही. अवर्षणाने समूळ जळालेल्या बागाही ह्या महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. इतके मात्र खरे, की ज्या झाडाने बऱ्या दिवसांत मुळे खोल नेली, ते वाईट दिवसांत सहसा तग धरते. आणि शेजारचे झाड सुकत असेल, तर त्यास वैराग्याचे माहात्म्य न सांगता घागरभर पाणी घालणे हाच त्या वेळचा धर्म होय.

आमच्या वाचकांपैकी कोणाच्या अंगणात वाफा असेल, कोणाच्या सज्जात एखादीच कुंडी असेल. दोहोंस नियम एकच: कोणास द्यावे, कोणापासून राखावे आणि किती दिवस, हे ओळखणे. हा विवेक ज्यास साधला, त्याचा संसार हीच त्याची बाग, आणि तीच त्याची पूजा.