वडापावच्या नावातील इतिहास

पदार्थांच्या नावांची व्युत्पत्ती हा रिकामपणचा उद्योग समजला जातो. वस्तुतः समाजाने कोणाकडून काय घेतले आणि कोणाला दूर ठेवले, याची नोंद त्या नावांत असते. करंजीचे नाव करंजाच्या शेंगेच्या आकारावरून पडले असे मानतात. तिच्या शेजारी मांडलेल्या समोशाचे नाव फारसीतून आले. मुंबईचा सर्वांत लोकप्रिय पदार्थ जो वडापाव, त्याच्या नावात तर तीन खंड एकत्र आले आहेत. 'वडा' हा संस्कृत 'वटक'चा वंशज. वड्यातील बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याचे नाव कॅरिबियन बेटांवरून पोर्तुगीजांमार्फत येथवर आले. 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजच.

पीठ पायांनी तुडवतात म्हणून तो 'पाव', अशी एक व्युत्पत्ती अद्याप सांगितली जाते. ती निराधार आहे. पण निरुपद्रवी मात्र नाही. परक्याच्या हातचे अन्न अपवित्र, ही जुनी किळस तिच्यामागे आहे. पाव खाणे म्हणजे बाटणे, असे मानण्याचा एक काळ होता. म्हणूनच मुंबईत 1849 साली स्थापन झालेल्या परमहंस मंडळीत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. जातिभेद मोडल्याची ती खूण होती. या मंडळीच्या संस्थापकांत दादोबा पांडुरंग होते. त्यांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले होते. भाषेला शिस्त लावणाऱ्या पंडितास परका पाव वर्ज्य वाटला नाही, हे शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. हे सारे गुप्तपणे चाले; 1860 च्या सुमारास गुपित फुटताच मंडळी विखुरली.

जे सुशिक्षितांना उघडपणे साधले नाही, ते पुढे कष्टकऱ्यांच्या भुकेने साधले. 1966 च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव प्रथम विकला, असे सामान्यतः मानले जाते. परळ-लालबागच्या गिरणी कामगारास उभ्याउभ्या, थोड्या पैशांत पोट भरणारे हे अन्न सोयीचे होते. बनवणाऱ्याची जात विचारण्यास तेथे सवड नव्हती. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे चढले. वडापावची गाडी मात्र टिकली.

आता इंग्रजीत त्यास 'बॉम्बे बर्गर' म्हणण्याची हौस दिसते. परक्या शब्दाविषयी येथे तक्रार नाही. 'पाव' तरी कोठे आपला होता? तक्रार एवढीच की, या नव्या नावामागे कोणाची भूक नाही आणि कोणाचे धाडसही नाही. 'पाव' हा शब्द मराठीने बहिष्काराची किंमत मोजून आपलासा केला आहे. विद्यार्थ्याने पावाचा अर्थ विचारला, तर शिक्षकाने पायांची गोष्ट सांगू नये. परमहंस मंडळीची सांगावी.