वुजूच्या जागेसाठी फरशी कापताना

नांदेड-लातूरच्या जुन्या घरांत मोरीला आणि वुजूच्या जागेला अजूनही शहाबादी फरशी दिसते. हा दगड कर्नाटकातल्या शहाबादचा. १९५६ पर्यंत गुलबर्गा आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे तो आपल्याकडे परका कधीच वाटला नाही. दगड टिकाऊ आहे यात शंका नाही. पण वर्षानुवर्षे पाणी पडून तो गुळगुळीत होतो, सांध्यांतला सिमेंट निघतो आणि कोपऱ्यांत शेवाळ धरते. पहाटे फजरला उठलेली दादी तिथेच ओल्या पायांनी उभी राहते. या वयात घसरून खुब्याचे हाड मोडले, तर माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो. म्हणून अनेक घरांत ही एवढीशी जागा नवी करून घ्यायचा विचार सुरू असतो.

काम लहान असते. तीन फूट बाय चार फूट, म्हणजे बारा चौरस फूट. एवढ्याशा कामाला मोठा मिस्त्री येत नाही. मग घरातला एखादा हौशी मुलगा किंवा मोहल्ल्यातला शिकाऊ कारागीर ते करतो. टाईल बसवणे त्याला जमते. अडते ते कापण्यापाशी. टाईल तुटते, काठ चिरतो, घरभर धूळ होते. या महिन्यात त्याच कामाविषयी बोलू.

आधी टाईल कोणती घ्यावी ते पाहू. ओल्या जागेला चकचकीत टाईल नको. दुकानात अँटी-स्किड किंवा मॅट म्हणून मिळते ती, एक फूट बाय एक फुटाची सिरॅमिक टाईल घ्यावी. दोन फुटांची मोठी टाईल दिसायला छान असते, पण जाळीकडे उतार देताना ती नीट बसत नाही. लहान टाईलला सांधे जास्त येतात आणि पायाला पकडही मिळते. व्हिट्रिफाइड टाईल पाणी जवळपास शोषत नाही, त्यामुळे साध्या सिमेंटवर ती नीट धरत नाही. तिला टाईलचा चिकट मसाला लागतो. सिरॅमिक टाईल सिमेंटवर बसवायची असेल, तर आधी पाण्यात भिजवून घ्यावी. बारा टाईल लागणार असतील तर पंधरा आणाव्यात. कापताना एखादी तुटतेच, आणि त्याच रंगाची टाईल पुढच्या वर्षी बाजारात मिळेलच असे नाही.

कापण्याआधी टाईल कोरड्याच मांडून पाहाव्यात. समजा, जागेची रुंदी ४० इंच आहे. एका भिंतीपासून तीन पूर्ण टाईल मांडल्या की दुसरीकडे चार इंचांची पट्टी उरते. अशी अरुंद पट्टी कापायला अवघड, दिसायला वाईट आणि लवकर निघणारी. त्याऐवजी मधोमध दोन पूर्ण टाईल मांडल्या, तर दोन्ही बाजूंना सुमारे आठ-आठ इंचांचे तुकडे येतात. सांध्यांची जागा त्यातूनच वजा करायची. कापलेली कड भिंतीकडे ठेवावी, कंपनीची सरळ कड आत.

जुन्या घराच्या भिंती काटकोनात आहेत असे गृहीत धरू नये. गुण्या नसेल तर एका भिंतीवर कोपऱ्यापासून तीन फुटांवर खूण करावी, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधले अंतर बरोबर पाच फूट आले, तर कोपरा काटकोनात आहे. कमी-जास्त आले, तर प्रत्येक तुकड्याचे माप दोन्ही टोकांना वेगवेगळे घ्यावे. एकच माप धरून सहा तुकडे कापून ठेवू नयेत. जाळीकडे उतारही याच वेळी पाहावा. तीन फुटांना अर्धा इंच पुरतो.

आता कापणे. आपल्याकडे टाईल म्हटली की ग्राइंडर हातात घेतला जातो. पण सरळ कापासाठी त्याची गरज नाही. हाताने चालवायचा टाईल कटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. विकत घ्यायचा नसेल तर भाड्याने मिळतो का ते विचारावे. त्यात दोन दांड्यांवर सरकणारे एक लहानसे कठीण चाक असते. टाईल चकचकीत बाजू वर करून ठेवायची, पेन्सिलीच्या रेषेवर चाक आणायचे आणि सारख्या दाबाने एकदाच या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचे. करकर असा एकसारखा आवाज आला म्हणजे ओरखडा नीट पडला. पुन्हा पुन्हा फिरवू नये. दोन रेषा झाल्या की टाईल वाकडी फुटते. मग दांडा खाली दाबला की टाईल रेषेवर मोडते. चाक टाईल कापत नाही, ते फक्त वरच्या काचेसारख्या थराला कमजोर करते. टाईल मोडताना ती कमजोर जागाच आधी फुटते. काच कापणारा हेच करतो.

मोडलेली कड सुरीसारखी धारदार असते. धार लावायचा दगड ओला करून ती घासून घ्यावी.

नळाचा पाइप फरशीतून वर येत असेल तर गोल छिद्र लागते. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. पाइपच्या मध्यावरून टाईल सरळ दोन भागांत कापायची आणि दोन्ही तुकड्यांच्या कडेला पकडीने थोडे थोडे कुरतडत अर्धगोल करायचे. दोन्ही तुकडे पाइपला दोन बाजूंनी लावले की सांधा जेमतेम दिसतो.

जाळीच्या कोपऱ्यासाठी एल आकाराचा काप मात्र हाताच्या कटरने होत नाही. तिथे यंत्र लागते, आणि खरा धोका तिथेच आहे.

कोरड्या टाईलवर ग्राइंडर चालवला की पांढरा धुरळा उठतो. त्यात सिलिका असते. तिचे कण इतके बारीक असतात की ते थेट फुप्फुसाच्या आतल्या भागापर्यंत जातात आणि बाहेर येत नाहीत. वर्षानुवर्षे असे होत राहिले की फुप्फुस आतून कडक होते. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, आणि तो झालेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यताही वाढते. भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात त्याची नोंद व्यवसायजन्य आजार म्हणून होती. पण आपल्या मोरीत काम करणारा मुलगा कुठल्या कारखान्यात नसतो. ऑस्ट्रेलियात स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड कापताना तरुण कारागीर आजारी पडू लागले, तेव्हा तिथल्या सरकारने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी आणली. टाईलमध्ये सिलिका त्या दगडाइतकी नसते, पण असतेच.

घरातल्या एका दिवसाच्या कामाने कुणाला सिलिकोसिस होत नाही. पण जो मुलगा रोज एका घरात कापतो, त्याचे रोजचे घर आपलेच असते. "कुछ नै होता बाजी, रोज का काम है," असे तो म्हणतो. रोजचे काम आहे, हेच तर काळजीचे कारण आहे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा ओढणी ही धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क घट्ट बसला तर बऱ्याच अंशी अडवतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे पाणी. मार्बल कटरला पाण्याची नळी जोडायची सोय असते. पात्यावर पाण्याची धार पडत राहिली की धूळ उडण्याऐवजी चिखल होऊन खाली बसते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पाणी सांडायला कुणाचे मन धजत नाही, हे समजते. पण दोन-चार कापांना बादलीभर पाणी पुरते, आणि खाली घमेले ठेवले तर गाळ बसल्यावर तेच पाणी पुन्हा वापरता येते. तो गाळ मात्र मोरीत ओतू नये. पाइप तुंबतो.

पाणी आणि वीज एकत्र आली की सावधपणा दुप्पट हवा. साध्या ग्राइंडरवर पाणी शिंपडू नये. नळीची सोय असलेलेच यंत्र वापरावे. घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर ओल्या कामाला यंत्र लावू नये. असे असेल तर तो एक काप उघड्या अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, मास्क आणि चष्मा लावून कोरडाच करावा आणि मुलांना, म्हाताऱ्यांना, दम्याच्या रुग्णांना लांब ठेवावे.

आणखी काही गोष्टी. पाते अखंड कडेचे, टाईलसाठीचे हिऱ्याचे घ्यावे. त्यावर लिहिलेला वेग यंत्राच्या वेगापेक्षा कमी नसावा. ग्राइंडरचे संरक्षक कव्हर काढू नये. पुष्कळ कारागीर टाईल पायाने दाबून धरतात. पाते निसटले तर पहिला मार पायालाच. टाईल फळीवर शिकंज्याने आवळावी, दोन्ही हात यंत्रावर असावेत आणि पायात चप्पल नको, बूट हवेत. सैल बाही, दुपट्टा, सुती हातमोजे फिरत्या पात्याजवळ नकोत. लहान मुलाच्या हाती हे यंत्र देऊ नये, तो कितीही हुशार असला तरी. काम झाल्यावर कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे.

टाईल बसल्यावर एक दिवस त्यावर पाय ठेवू नये. मग नाण्याने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर खाली मसाला पोहोचलेला नाही, ती काढून पुन्हा बसवावी. सांधे भरताना घाई करू नये. शेवाळ तिथूनच सुरू होते.

आपल्या घरांतलीच कितीतरी मुले या धंद्यात आहेत. १८ ते ६० वयाच्या ज्या कारागिराने मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केले आहे, त्याला बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते. ती करून घ्यायला त्याला सांगावे. आणि आपल्या घरी काम असेल तेव्हा सरळ काप हाताच्या कटरने, उरलेले पाणी लावून, असे आधीच ठरवून घ्यावे. वेळ थोडा जास्त लागेल, तर मजुरीही तेवढी जास्त द्यावी. दादीला घसरू नये म्हणून आपण जी जागा बांधतो, तिच्यासाठी दुसऱ्या घरातल्या मुलाची छाती खराब होऊ नये.