चाळिशीनंतरचे औषधशास्त्र : एक वर्ष पुरेल का?

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. परिसरातल्या वाडीवस्तीवर रात्री ताप चढला, दम लागला किंवा साप चावला, तर माणूस आधी जवळचा दवाखाना गाठतो. पाटीवरची पदवी त्या वेळी कोणी वाचत नाही. म्हणूनच होमिओपॅथी डॉक्टरांच्या 'सीसीएमपी' अभ्यासक्रमावरून मुंबईत पेटलेला वाद आळ्याच्या रुग्णाचाही आहे.

राज्याने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना ठरावीक मर्यादेत ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट मोकळी केली. प्रकरण न्यायालयात गेले. २०२५ मध्ये या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत करण्याचा निर्णय झाला, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने १८ सप्टेंबरला २४ तासांचा बंद पुकारला. एका बाजूचे म्हणणे, ग्रामीण भागात डॉक्टर नाहीत. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, साडेचार वर्षांचे शिक्षण आणि वर्षभराची आंतरवासिता एका वर्षात भरून निघत नाही.

यात वयाचा मुद्दा फारसा आड येत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातील हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रौढांच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित भागात वाढ दिसली. अनुत्तीर्णांमध्ये ती दिसली नाही. म्हणजे प्रौढ मेंदूही बदलतो. पण त्यासाठी काही वर्षांची सलग मेहनत लागते. वय वाढले की नवी नावे पाठ व्हायला वेळ लागतो. मात्र वीस वर्षे रुग्ण पाहिलेल्या डॉक्टरला नवी माहिती जुन्या अनुभवाशी जोडता येते.

खरी अडचण वेगळी आहे. औषधाचे नाव आणि मात्रा पुस्तकातून शिकता येते. ते कधी देऊ नये, हे वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासूनच कळते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या साठीच्या शेतकऱ्याला गुडघेदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅक दिले, तर मूत्रपिंडावर घाला पडू शकतो. डेंगीच्या तापात तीच गोळी रक्तस्रावाचा धोका वाढवते. मुंबईतील एका होमिओपॅथी डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधे दिली आणि पुढे रुग्ण दगावला. आपल्याला न शिकवलेल्या पद्धतीने उपचार करणे हाच हलगर्जीपणा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्या खटल्यात ठरवले.

तुलनेसाठी समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाहता येईल. परिचारिका आणि बीएएमएस पदवीधरांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन आयुष्मान आरोग्य मंदिरांत नेमले जाते. हे प्रशिक्षण आणखी छोटे आहे. पण त्यांच्या कामाची हद्द आखलेली आहे, औषधांची यादी ठरलेली आहे, वर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आहेत आणि अडल्यास 'ई-संजीवनी'वरून डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. खासगी दवाखान्यात एकट्याने बसणाऱ्या डॉक्टरच्या मागे यातले काहीच नसते.

तेव्हा 'एक वर्ष की पाच वर्षे' एवढ्यावर वाद अडकवून चालणार नाही. या डॉक्टरांनी कोणती औषधे द्यावीत, कोणती मुळीच देऊ नयेत आणि कोणता रुग्ण ताबडतोब पुढे पाठवावा, याची यादी जाहीर व्हायला हवी. प्रशिक्षणात ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील प्रत्यक्ष काम हवे आणि काही वर्षांनी फेरपरीक्षा हवी. पाटीवर मूळ पदवी आणि प्रमाणपत्र दोन्ही मराठीत, ठळक लिहिणे सक्तीचे असावे. ज्या गावांत डॉक्टर नाही म्हणून ही सवलत दिली, तिथेच हे डॉक्टर बसतात की शहरांत, हेही सरकारने मोजून सांगावे.

तोवर रुग्णाने एवढे करावे : सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात, चिठ्ठी लिहून घ्यावी आणि दम, बेशुद्धी, रक्तस्राव किंवा सर्पदंश असेल तर वेळ न दवडता १०८ ला फोन करावा.