मर्लला खोटारडी म्हणण्याआधी

हॉलिवूडची अभिनेत्री मर्ल ओबेरॉन हिचं नाव घेतलं की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. मुंबईत जन्मून ती जन्मभर स्वतःला टास्मानियाची गोरी म्हणवत राहिली. जिने तिला आई म्हणून लहानाची मोठी केली त्या शार्लटला लंडनमध्ये पाहुण्यांपुढे मोलकरीण म्हणून वावरावं लागलं. अशा बाईला आपली का म्हणायचं, असा त्यांचा सवाल आहे.

शार्लटवर अन्याय झाला, हे मला मान्य आहे. पण मर्लला खोटं बोलायला लावणारं जग या सवालातून सहीसलामत सुटतं. 1911 साली जन्मलेली ही मुलगी मिश्र वंशाची. 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व नाकारलं आणि ते दार 1946 पर्यंत बंदच राहिलं. हॉलिवूडच्या आचारसंहितेने गोऱ्या-काळ्यांचं प्रेम पडद्यावर दाखवायला मनाई केली होती. 1934 पासून त्या संहितेचा अंमल कडक झाला. खरं सांगितलं असतं तर ‘वुदरिंग हाइट्स’ चित्रपटातली कॅथीची भूमिका मर्लला मिळाली असती का?

आणि तिचं काम तर खोटं नव्हतं! ‘द डार्क एंजल’साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. 1937 च्या मोटार अपघातात चेहऱ्यावर व्रण उठले, तरी ती कॅमेऱ्यापुढे परतली. पुढे ‘द लॉजर’ चित्रपटाच्या वेळी छायालेखक लुसियन बॅलार्डने भिंगाला लागूनच एक छोटा दिवा बसवला. उजेड समोरून सरळ पडल्यामुळे व्रणांच्या सावल्या उरल्या नाहीत. तिच्या नावावरून त्या दिव्याला आजही ‘ओबी’ म्हणतात. तिचा शेवटचा चित्रपट 1973 चा.

आपण वऱ्हाडातल्या लोकांनी तरी तिचा निवाडा जपून करावा. अमरावती-अकोल्याची एखादी पोट्टी अभिनयासाठी मुंबईला निघाली की ‘आधी तो वऱ्हाडी हेल घालव’ हे तिला ऐकावं लागतं. अभिनेते भारत गणेशपुरेंनी त्याच हेलाला टीव्हीवर मान मिळवून दिला. पण ज्यांनी तो गिळला, त्यांनी पोटासाठी केलं म्हणून आपण समजून घेतो. मर्लच्या पोटावर तर अख्ख्या कायद्याचा पाय होता.

मर्ल 1979 मध्ये गेली. तिच्या जन्माची नोंद मुंबईच्या सरकारी दप्तरात सापडली, तीत आई म्हणून शार्लटच्या कोवळ्या वयाच्या मुलीचं, कॉन्स्टन्सचं नाव आहे. मुंबईच्या कलावंतांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी मर्लला तिच्या खऱ्या जन्मगावासह आणि दोन्ही आयांच्या नावांसह त्यात जागा द्यावी.